स्टील मोजून डिफेंडर निवडू नका

गोव्याच्या बास्केटबॉल संघांची निवड करणाऱ्या समितीस, आणि राज्यातील स्पर्धा भरवणाऱ्या संयोजकांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या संघनिवडीसाठी आपण काढलेले निकषपत्रक वाचले. गार्ड (चेंडू पुढे आणणारे) आणि विंग (बाजूने खेळणारे) खेळाडूंच्या बचावाचे सगळे गुण त्यात तीन रकान्यांतून येतात: स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून काढून घेतलेला चेंडू), ब्लॉक (अडवलेला शॉट) आणि बचावातले रिबाउंड (प्रतिस्पर्ध्याचा शॉट हुकल्यावर पकडलेला चेंडू). ‘सर्वोत्तम बचावपटू’चे बक्षीसही याच तिघांच्या बेरजेवर द्यायचे ठरले आहे. खाली दोन कारणे दिली आहेत. एक, व्यावसायिक लीगमध्ये असेच करतात. दोन, आकडे असले की वशिल्याला जागा राहत नाही.

दुसऱ्या कारणामागचा हेतू आम्हाला मान्य आहे. ‘आपला क्लब, आपला मुलगा’ हा प्रकार गोव्यात कुणाला नवीन नाही आणि त्यावर आकड्यांचा उतारा सुचणे साहजिक आहे. पहिले कारण मात्र साफ चुकीचे आहे. व्यावसायिक लीगमध्ये असे करत नाहीत.

आम्ही म्हापसा, पणजी, मडगाव आणि वास्को भागात मुलांना शिकवणारे प्रशिक्षक आणि स्पर्धांत टेबलावर बसणारे ऑफिशियल आहोत. पत्र बंद पाकिटात न देता उघड लिहीत आहोत, कारण निकषपत्रकाने फक्त बारा नावे ठरत नाहीत. मुलांनी सरावात काय घोटायचे तेही त्यानेच ठरते. स्टीलला गुण आहेत हे कळले की चौदा वर्षांचा मुलगा पाय सरकवायचे सोडून हात मारू लागतो, आणि ती सवय मोडायला पुढे दोन-दोन वर्षे लागतात.

व्यावसायिक लीगचे नाव घेतलेच आहे, तर तिथलेच दोन खेळाडू शेजारी उभे करू. ॲलन आयव्हरसन 2000-01 पासून सलग तीन मोसम एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये सामन्यामागे सर्वाधिक स्टील करणारा खेळाडू होता. मोसमातल्या उत्तम बचावपटूंच्या मानाच्या यादीत, म्हणजे ऑल-डिफेन्सिव्ह संघात, त्याची एकदाही निवड झाली नाही. ब्रूस बोवेनची कारकिर्दीतली सरासरी सामन्यामागे एक स्टीलसुद्धा भरत नाही. तो आठ वेळा ऑल-डिफेन्सिव्ह संघात होता, त्यांपैकी पाच वेळा पहिल्या संघात. त्या काळी ही निवड लीगचे मुख्य प्रशिक्षक मतदानाने करत, आणि स्वतःच्या खेळाडूला मत देण्याची मुभा त्यांना नव्हती. म्हणजे बोवेनने ज्यांच्या चाली बिघडवल्या तेच त्याला मत देत होते. आपल्या निकषपत्रकावर आयव्हरसन पहिला आला असता आणि बोवेनला राखीव बाकावरही जागा मिळाली नसती.

2013-14 पासून हे मतदान पत्रकारांकडे गेले, पण ते मतदानच राहिले. 2022 मध्ये मार्कस स्मार्ट ‘डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर’ ठरला. 1996 च्या गॅरी पेटननंतर हा मान मिळालेला तो पहिला गार्ड. त्या मोसमात स्टीलमध्ये तो अव्वल नव्हता. उलट बाजूही सांगितली पाहिजे: 2024-25 मध्ये डायसन डॅनियल्सने सामन्यामागे 3 स्टील केले आणि तो खरोखरच पहिल्या ऑल-डिफेन्सिव्ह संघात आला. पण त्याचे व्हिडिओ पाहा. तो माणसासमोरून न हटता, पाय जागेवर ठेवून चेंडूला हात लावतो. आकडा इथे चांगल्या बचावातून उगवला आहे. आकड्यावरून मागे चालत जाऊन चांगला बचाव सापडेलच असे नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार नोंदीची. टेबलावर बसणाऱ्याला हे ठाऊक असते, समितीलाही असायला हवे: फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, अधिकृत स्कोअरशीटवर स्टीलचा रकानाच नाही. तिथे गुण, फाऊल आणि टाइमआऊट लिहिले जातात. स्टीलची नोंद आकडेवारीच्या वेगळ्या कागदावर किंवा सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि आपल्याकडे ते काम बरेचदा यजमान संघाच्या एखाद्या राखीव खेळाडूला बसवून उरकले जाते. फिबाची व्याख्या अशी की बचावपटूचा चेंडूला स्पर्श होऊन प्रतिस्पर्ध्याचा टर्नओव्हर झाला (म्हणजे शॉट न मारताच त्याने चेंडू गमावला) तरच स्टील. स्पर्श नाही, तर स्टील नाही.

या व्याख्येतून काय काय निसटते ते पाहा. ड्रिबलरला (चेंडू आपटत नेणाऱ्याला) साइडलाइनकडे ढकलत नेले आणि त्याचा पाय रेषेवर पडला: बचावपटूला शून्य. चेंडू धरलेल्या खेळाडूला एका मीटरच्या आत कोंडून पाच सेकंद भरवले: शून्य. पूर्ण कोर्टभर दबाव ठेवून आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडू दिली नाही: शून्य. शॉट क्लॉकचे, म्हणजे शॉट मारण्याच्या मुदतीचे, 24 सेकंद संपवले: तो सगळ्या संघाचा टर्नओव्हर, बचावपटूच्या नावापुढे काहीच नाही. पिव्हटवर (रोवलेल्या पायावर) घोळवून ट्रॅव्हल (चेंडू न आपटता चालण्याची चूक) काढला, छातीवर चार्ज (धडकणाऱ्याचा फाऊल) घेतला: स्टीलच्या रकान्यात शून्य. पासला बोट लागून चेंडू बाहेर गेला, तर चेंडू त्यांच्याकडेच राहतो पण शॉट क्लॉक परत भरत नाही. 9 सेकंद उरले होते तर साइडलाइनवरून 9 सेकंदांतच सगळे नव्याने रचायचे. अशा वेळी हाती येतो तो बहुधा घाईचा शॉट. तरीही रकाना कोरा.

सगळ्यात मोठे काम तर याच्याही पलीकडचे, म्हणजे जो पास टाकलाच गेला नाही तो. फातोर्ड्याच्या स्टँडमधला कोणीही सांगेल की ज्या राइट बॅकच्या बाजूने दिवसभर चेंडूच गेला नाही, त्याने टॅकल केले नाहीत म्हणून तो वाईट ठरत नाही. फुटबॉलमध्ये ही समज आपल्या रक्तात आहे. बास्केटबॉलचा कागद हातात आला की ती कुठे जाते, देव जाणे.

दुसरी तक्रार: फसलेल्या उडीचा हिशेब कुठेच नाही. समजा एक गार्ड सामन्यात दहा वेळा पासिंग लेनमध्ये (पासच्या वाटेत) उडी मारतो. दोनदा चेंडू मिळतो, आठदा हुकतो. हिशेबासाठी धरून चालू की साध्या पझेशनला (चेंडू ताब्यात असतानाच्या एका चढाईला) प्रतिस्पर्ध्याचे सरासरी 0.9 गुण होतात, आणि बचावपटू जागेवरून हटल्यामुळे पाचास चार अशी स्थिती झाली की 1.3. दोन स्टीलने 1.8 गुण वाचले. त्यांतून आपल्याला मोकळी धाव मिळाली, तिचे जास्तीचे 0.8 धरा. एकूण फायदा 2.6. आठ फसलेल्या उड्यांत प्रत्येकी 0.4 गेले, म्हणजे तोटा 3.2. संघ अर्ध्या गुणाहून जास्त खड्ड्यात, आणि निकषपत्रकात मात्र त्या गार्डच्या नावापुढे दोन ठसठशीत स्टील. दहातल्या चार उड्या साधल्या तर हिशेब उलटतो, हेही खरे. म्हणून उडी मारणे वाईट असे आम्ही म्हणत नाही. उड्या किती आणि साधल्या किती, हे दोन्ही लिहा एवढेच मागतो. आज फक्त अंश लिहिला जातो, छेद कुणीच लिहीत नाही.

ब्लॉक आणि रिबाउंडबद्दल थोडक्यात. गार्डचा मागून येऊन केलेला ब्लॉक प्रेक्षकांना आवडतो. अनेकदा तो ब्लॉक करावा लागला कारण आधी तोच गार्ड हरला होता. गार्डच्या हाती आलेले रिबाउंड बहुतेक वेळा आतल्या खेळाडूने बॉक्स आऊट करून (प्रतिस्पर्ध्याला पाठीने मागे रोखून) मोकळे ठेवलेले असतात. या दोन्हींचा पेरिमीटर बचावाशी (बास्केटपासून दूर, बाहेरच्या भागातल्या बचावाशी) संबंध फार पातळ आहे.

तिसरी तक्रार: समोर कोण होता, हे कुठेही लिहिलेले नाही. प्रशिक्षक आपला सर्वांत चांगला बचावपटू समोरच्या सर्वांत धोकादायक स्कोअररवर लावतो. साहजिकच त्याच्यावर गुण जास्त होतात, फाऊलही जास्त लागतात. दुबळ्या शूटरवर उभा असलेला गडी मदतीच्या नावाखाली मोकाट फिरतो आणि स्टील गोळा करतो. दोघांची एकाच मापाने तुलना केली की ज्याने ओझे उचलले तोच मागे पडतो.

यावर कोणी म्हणेल, मग समोरच्या खेळाडूची शूटिंग टक्केवारी मोजा. हा सल्ला हुशारीचा वाटतो आणि जास्त घातक आहे. एका स्पर्धेत एका गार्डसमोर साधारण 20 तीन-पॉइंटर (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारले गेले असे समजू, आणि मारणारे 30 टक्क्यांचे शूटर आहेत. अपेक्षा सहा बास्केटची. पण निव्वळ नशिबाने चार किंवा आठ होणे अगदी रोजचे आहे. म्हणजे तोच गार्ड, तोच बचाव, आणि कागदावर एकदा 20 टक्के तर एकदा 40 टक्के. तीन-पॉइंटर आत जातो की नाही यावर बचावपटूचा ताबा कमी असतो. तो मारलाच जातो का, कोण मारतो आणि किती घाईने मारतो, यावर जास्त. मोजायचे तर ते मोजा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण पेरिमीटर बचावाची खरी परीक्षा बॉल स्क्रीनवर होते आणि आपल्या निकषपत्रकात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

टॉपला (बास्केटसमोर, तीन-पॉइंट रेषेबाहेर) ड्रिबलर आहे, त्याच्याच संघाचा आतला मोठा खेळाडू येऊन गार्डच्या वाटेत स्क्रीन लावतो, म्हणजे अंगाने आडवा उभा राहतो. इथून पुढच्या दोन सेकंदांत चांगला आणि वाईट गार्ड वेगळे होतात. चांगला गार्ड स्क्रीन लागण्याआधीच अर्धे पाऊल चेंडूकडे चढतो, म्हणजे ड्रिबलरला वाट निवडायला मोकळी जागा उरत नाही. मग कंबर वळवतो, पुढचा पाय स्क्रीनरच्या पायापलीकडे टाकतो, खांदा आत घेऊन अंग अरुंद करतो आणि चेंडू व स्क्रीनर यांच्यामधल्या फटीतून निघतो. निघाल्यावर तो ड्रिबलरच्या मागे असतो. तिथे घाबरून हात न मारता, ड्रिबलरच्या कमरेशी चिकटून, मागून हात उंच ठेवत धावतो, म्हणजे ड्रिबलर थांबून जंप शॉट मारायला गेला तर हात डोळ्यांपुढे असतो. आपला मोठा खेळाडू तोवर फ्री-थ्रो रेषेच्या एक-दोन पावले खाली थांबून ड्रिबलर आणि स्क्रीनर दोघांना अडवतो. गार्डने दोन ड्रिबलच्या आत पुन्हा समोर यायचे असते. तिसरा ड्रिबल पडला की मोठ्या खेळाडूला निवड करावी लागते, आणि बास्केटकडे रोल करणारा (धावणारा) स्क्रीनर किंवा कोपऱ्यातला शूटर मोकळा होतो.

बिघडते कुठे? सर्वांत जास्त वेळा गार्डची छाती स्क्रीनवर आदळते. कारण पाय समांतर होते आणि तो सपाट उभा होता. दुसरी चूक, चांगल्या शूटरसमोर स्क्रीनखालून (स्क्रीनरच्या मागून, बास्केटच्या बाजूने) जाणे. तिसरी, स्क्रीन दिसताच आधीच पलीकडे उडी घेणे. हुशार ड्रिबलर मग स्क्रीन नाकारून उलट्या बाजूने आत शिरतो. चौथी, मागे पडल्यावर कंबरेला हात लावून फाऊल. फिबाच्या सामन्यात खेळाडूला पाचच फाऊल असतात आणि क्वार्टरमध्ये संघाचे चार झाले की पुढच्या प्रत्येक बचावात्मक फाऊलवर दोन फ्री-थ्रो. पहिल्या पाच मिनिटांत असे दोन फाऊल करणारा गार्ड कितीही चपळ असो, प्रशिक्षकाच्या काही कामाचा नाही.

आणि पाचवी चूक गार्डची नसतेच. मागच्या मोठ्या खेळाडूने ‘स्क्रीन लेफ्ट’ किंवा ‘स्क्रीन राइट’ अशी हाक मोठ्याने आणि वेळेवर द्यायची असते. हाक आली नाही तर गार्ड आदळणारच. निरीक्षकाने हाक ऐकली का, हे लिहिल्याशिवाय गार्डला दोष देऊ नये.

त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी. विंगवर स्क्रीन आली तर बरेच संघ ‘आइस’ खेळतात. गार्ड मुद्दाम स्क्रीनच्या बाजूला उभा राहून मधली वाट बंद करतो आणि ड्रिबलरला बेसलाइनकडे जाऊ देतो, कारण तिथे मोठा खेळाडू वाट पाहत असतो. योजना माहीत नसलेला निरीक्षक हे पाहून ‘गार्ड हरला’ असे लिहितो, तर गार्डने सांगितलेले काम चोख केलेले असते. म्हणून सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना एकच प्रश्न विचारावा: टॉपच्या आणि विंगच्या स्क्रीनवर तुम्ही काय खेळणार? वरून (ड्रिबलर आणि स्क्रीनरच्या मधून) जाणार, खालून जाणार, स्विच करणार (आपापसात प्रतिस्पर्धी बदलणार) की आइस? दोन मिनिटांचे काम. ते न करता पेरिमीटर बचावाला गुण देणे म्हणजे प्रश्नपत्रिका न वाचता उत्तरपत्रिका तपासणे.

चेंडूपासून दूरचा बचाव. यातही दोन गोष्टी डोळ्यांनी सहज मोजता येतात. एक, नेमून दिलेल्या शूटरला चेंडू कुठे मिळाला. 6.75 मीटरच्या रेषेवर मिळाला तर तो लगेच मारू शकतो. बचावपटूने वाट अडवून त्याला साडेआठ मीटरवर येऊन चेंडू घ्यायला लावले तर मारण्याचा धोका गेला, आत यायला जास्तीचा ड्रिबल लागला आणि आतून येणारी स्क्रीनही उशिरा पोहोचली. दोन, क्लोजआऊट. मदतीला आत गेलेला बचावपटू बाहेरच्या शूटरकडे परततो तेव्हा अंतर साधारण चार-पाच मीटर असते. पहिले दोन तृतीयांश पूर्ण वेगाने धावायचे, उरलेले आखूड, भराभर पावलांनी, कंबर खाली, वजन मागे, एक हात उंच. दोन प्रकारे चुकते: वेग न आवरल्याने बचावपटू शूटरच्या बाजूने उडून जातो, किंवा दोन मीटर आधीच थांबून नुसता हात दाखवतो. दुसरी चूक जास्त फसवी, कारण लांबून पाहणाऱ्याला ‘हात वर होता’ असे दिसते.

शूटरच्या उतरण्याच्या जागेत पाय घालणे हा फाऊल आहे आणि घोट्यांची वाट लावणारा प्रकार आहे. वर ज्याचे कौतुक केले त्या बोवेनवर याच सवयीबद्दल टीका झाली आणि ती गैर नव्हती. 2017 च्या प्लेऑफमध्ये एनबीएतल्या कवाय लेनर्डचा घोटा असाच मुरगळला. त्यानंतर एनबीएने या बाबतीत कडक भूमिका घेतली. आपल्याकडे सिमेंटच्या उघड्या कोर्टांवर असे पडणे किती महागात जाते, ते वेगळे सांगायला नको. निरीक्षणपत्रकात यासाठी वजा गुण असावेत.

चौथी तक्रार: एनबीएचे आकडे आपल्या नियमांत तसेच बसत नाहीत. तिथे 2001-02 पासून बचावातील तीन सेकंदांचा नियम आहे. कुणाला जवळून न अडवता मोठा खेळाडू पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या आखलेल्या चौकटीत) तळ ठोकून राहू शकत नाही. फिबात हा नियम नाही. आपल्या सामन्यांत आत एखादा उंच गडी कायम उभा असतो आणि बाहेरच्या गार्डची हार तो झाकतो. ड्रिबलर गार्डला ओलांडून आत आला, मोठ्या खेळाडूने ब्लॉक केला: कागदावर ब्लॉक दिसतो, गार्डची हार दिसत नाही. शिवाय तिथली तीन-पॉइंट रेषा टॉपला 7.24 मीटरवर, इथली 6.75 वर. म्हणजे इथे परतायचे अंतरही वेगळे, वेळही वेगळी. 3x3 ची (तिघा-तिघांच्या खेळाची) तर बातच निराळी: 12 सेकंदांचे घड्याळ, अर्धे कोर्ट, बहुतेक संघ प्रत्येक स्क्रीनवर स्विच करतात. त्या संघाची निवड याच पत्रकाने करणार असाल तर कृपा करून थांबा.

आणि मुळात एनबीए तरी या तीन रकान्यांवर कुठे थांबली आहे? 2013-14 पासून तिथल्या प्रत्येक स्टेडियममध्ये खेळाडूंचा माग काढणारे कॅमेरे आहेत. 2016 पासून डिफ्लेक्शन (हात लावून वळवलेले चेंडू), घेतलेले चार्ज, हात दाखवलेले शॉट, मोकळ्या चेंडूंवर मिळवलेला ताबा यांचीही नोंद जाहीर होते. कोणी कोणाला अडवले याचे जोडीनिहाय आकडेसुद्धा मिळतात. इतके सगळे हाताशी असूनही तिथले प्रशिक्षक बचावाचा निर्णय व्हिडिओ पाहूनच घेतात. आपण त्यांचे जुने, टाकून दिलेले माप उचलून त्यावर ‘व्यावसायिक’ असा शिक्का मारला आहे.

पाचवी तक्रार निवड चाचणीच्या स्वरूपाची. एकमेकांना न ओळखणाऱ्या दहा मुलांना दहा मिनिटे पाचास पाच खेळवले की मदत कोण करणार हेच ठरलेले नसते. नियमाने खेळणारा गार्ड मागून मदत येईल या हिशेबाने उभा राहतो, ती येत नाही आणि तो उघडा पडतो. मोकाट उड्या मारणारा उठून दिसतो. त्यात पावसाळ्यात सभागृहातली फरशीसुद्धा दमट होते, पाय सरकतो. बाजूला सरकण्यावर ज्याचा सगळा खेळ, त्याचे नुकसान सर्वांत जास्त. चाचणीच्या आधी आणि दर डावानंतर कोरड्या पोच्याने फरशी पुसणे ही मागणी क्षुल्लक वाटेल, पण ती आमच्या यादीत आहे.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

1. तीन रकान्यांचा निकष मागे घ्यावा. स्टील, ब्लॉक, रिबाउंड माहिती म्हणून ठेवावेत, गुण म्हणून नव्हे. सर्वाधिक स्टीलसाठी बक्षीस द्यायचे असेल तर त्याला ‘सर्वाधिक स्टील’ असेच नाव द्यावे. त्याला ‘सर्वोत्तम बचावपटू’ म्हणू नये.

2. गार्ड आणि विंगसाठी पझेशननिहाय निरीक्षणपत्रक वापरावे. प्रत्येक पझेशनला पुढच्या गोष्टी हो-नाहीत लिहाव्यात: नेमलेला प्रतिस्पर्धी कोण, ड्रिबलवर थेट हरला का, स्क्रीननंतर दोन ड्रिबलच्या आत समोर आला का, समोरच्याला चेंडू रेषेवर मिळाला की बाहेर, क्लोजआऊट आवरून पोहोचला का, उडी मारली का आणि साधली का, चेंडूला हात लागला का, फाऊल, आणि तो गरजेचा होता की आळसाचा. शिवाय प्रतिस्पर्ध्याची पहिली धोकादायक चाल सुरू झाली तेव्हा शॉट क्लॉकवर किती सेकंद उरले होते, हा एक आकडा. चांगला ऑन-बॉल (चेंडू असलेल्याला अडवणारा) गार्ड चेंडू वर आणायलाच सहा-सात सेकंद लावायला भाग पाडतो. ते या रकान्यात दिसेल.

3. एका खेळाडूबद्दल मत बनवण्याआधी किमान दोन सामने आणि चेंडूवरची किमान 40 पझेशन पाहावीत.

4. प्रत्येक सामन्याचे दोन स्थिर मोबाइलवर चित्रीकरण व्हावे. कांपाल, पेडे किंवा नावेलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये गॅलरीत ट्रायपॉडवर एक-एक मोबाइल अर्ध्या-अर्ध्या कोर्टाकडे रोखून ठेवला की दहाही खेळाडू सतत चौकटीत राहतात. कॅमेरा चेंडूमागे फिरवू नये. चेंडूमागे फिरला की दूरचा बचाव दिसतच नाही, आणि आपल्याला तोच पाहायचा आहे.

5. वशिल्यावर उपाय म्हणून दोन निरीक्षक असावेत, दोघेही खेळाडूच्या क्लबाबाहेरचे. दोघांनी एकमेकांशी न बोलता पत्रक भरावे. दहापैकी आठांपेक्षा कमी नोंदी जुळल्या तर व्हिडिओ लावून आधी व्याख्या नीट कराव्यात, मगच गुण द्यावेत. भरलेली पत्रके निवडीबरोबर जाहीर करावीत. आकड्यांची पारदर्शकता हवी होती ना, ती इथे आहे.

6. चाचणी अशी घ्यावी: विंगवरून एकास एक, हल्ला करणाऱ्याला तीनच ड्रिबल, प्रत्येकाला दहा पझेशन आणि दर वेळी नवा प्रतिस्पर्धी, मग दोनास दोन बॉल स्क्रीन, पाच वेळा वरून जाण्याची आणि पाच वेळा आइसची योजना सांगून, मग चारास चार शेल (बचावाच्या जागा आणि मदत घोटण्याचा सराव), ज्यात क्लोजआऊट पाहता येतील. हे झाल्यावर पाचास पाच. पाचास पाचच्या आधी प्रत्येक गटाला मदतीचे नियम समजवायला पंधरा मिनिटे द्यावीत.

7. फरशी पुसणे. वर कारण दिले आहे.

यातल्या कशालाही मोठा पैसा लागत नाही. दोन मोबाइल, दोन ट्रायपॉड, छापील कागद आणि चार-पाच जाणकार माणसे पुरतात. निरीक्षणपत्रकाचा नमुना आम्ही तयार करून देतो. पहिल्या चाचणीला आमच्यातले चौघे निरीक्षक म्हणून बसतील, मानधन नको. ज्यांचे विद्यार्थी चाचणीत असतील ते त्या दिवशी बसणार नाहीत.

चाचणीची तारीख जाहीर करण्याआधी या पत्राला लेखी उत्तर द्यावे, आणि तेही असेच उघडपणे, ही विनंती. एखादी मागणी अमान्य असेल तर कोणती आणि का, ते क्रमांकासह लिहावे.

आपले,
गोव्यातील काही बास्केटबॉल प्रशिक्षक आणि टेबल ऑफिशियल